रिकामी मारबत

माशीचा आवाज कानावर आला की मला बरं वाटतं. घरातली पोरं यावर हसतात. नातसून तर आल्यागेल्याला सांगते, आमच्या आजीला भजनापेक्षा माशीची गुणगुण आवडते, म्हणून गोठ्याच्या बाजूची खिडकी ती लावूच देत नाही. मी तिला सांगू देते. माशी नसलेला गोठा कसा ऐकू येतो हे तिला ठाऊक नाही. मला आहे. तसा गोठा मी स्वतःच्या हातानं केला होता, सतराव्या वर्षी, आणि आता सगळं गाव माझ्या पाया पडायला येणार असं मला तेव्हा वाटलं होतं.

सतराव्या वर्षीची मी म्हणजे एक पाहण्यासारखा नग होता. चौथी पास. सासरच्या घरात वाचता येणारी एकटी बाई. गुळाच्या ढेपेला चिकटून आलेला कागदसुद्धा मी चुलीपाशी उभी राहून मोठ्यानं वाचायची, कोणी विचारलेलं नसताना. सासू मला मास्तरीणबाई म्हणायची. तो मान आहे असं समजून मी पदर सावरायची. टोमणा आहे हे कळायला दोन वर्षं लागली.

घर वैनगंगेपासून तीन कोसांवर. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सगळं चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरातच धरलं जायचं. पुढच्या अंगाला धानाच्या बांध्या, मागच्या अंगाला जंगल. माणसांचं घर आणि गोठा यांच्यामध्ये एकच मातीची भिंत, आणि तीही छपरापर्यंत न पोचलेली. वर हातभर फट. त्या फटीतून बैलांचा श्वास आमच्याकडे यायचा आणि आमचं बोलणं बैलांकडे जायचं. माश्या दोन्हीकडच्या होत्या. सासू रोज दिवेलागणीला गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची. धूर असेतोवर माश्या घरात यायच्या, धूर विरला की परत गोठ्यात जायच्या. यापलीकडे काही उपाय असतो हे कोणाला माहीत नव्हतं.

त्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. तो दोन महिन्यांचा होत नाही तोच तिला हिवताप धरला. एक दिवसाआड अंग उडायचं, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, आणि पंधरवड्यात तिचं दूध आटलं. मग पोराचा जीव तांबडीच्या दुधावर येऊन ठेपला. तांबडी म्हणजे आमची एकच दुभती गाय. त्या भागातल्या गाई दूध ते किती देणार, पण दोन्ही वेळचं मिळून पोराला पुरायचं. बोंडल्यानं पाजायचं काम माझ्याकडे होतं. आणि माश्या वारायचंही. त्या पोराच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या अशा बसायच्या की काजळ घातलंय वाटावं. हाकलल्या की ओठांवर, ओठांवरून हाकलल्या की बोंडल्याच्या तोंडावर. मी दिवसभर पदर हलवत बसायची आणि मनातल्या मनात माश्यांना चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या शिव्या द्यायची. पुस्तकात शिव्या नव्हत्या. त्या मी घातल्या होत्या.

पोळ्याला पाच-सहा दिवस असताना फवारणीवाले आले. हिवतापाच्या डासांसाठी सरकार घरोघरी औषध मारत होतं. चार खाकी माणसं, एक पंप, पांढऱ्या पावडरची पोती आणि एक मुकादम. पोती त्यांनी आमच्या ओसरीवर ठेवली, कारण ओसरी उंच होती. पावडर पाण्यात कालवून त्यांनी घरात मारली, गोठ्यातही मारली, भिंतींवर पांढरट ओघळ उरले, आणि मुकादमानं दारावर गेरूनं आकडा लिहिला. तो सांगून गेला की आता तीन महिने भिंतीला पोतारायचं नाही, सारवायचं नाही, नाहीतर औषध मातीखाली जाईल आणि मेहनत फुकट.

सासूनं ते ऐकून घेतलं आणि त्याची पाठ वळल्यावर म्हणाली, “पोळा तोंडावर आला. बैलायले काय ओकल्यासारख्या भिंतीत उभं करू?”

तिचंही खरं होतं. पोळ्याला गोठा शेणामातीनं लिंपून पांढऱ्या मातीनं पोतारायचा, मगच बैलांची पूजा. त्यात खंड पडलेला तिच्या सासूनंही पाहिला नव्हता.

इथे मास्तरीणबाईंची अक्कल धावली. मी पाहिलं होतं की फवारणीच्या दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या जमिनीवर माश्यांचा सडा पडला होता. सुपात भरून उचलाव्या इतक्या. मी खरंच सुपात भरल्या, आणि वाया कशाला घालवायच्या म्हणून परसात कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्यांनी मिटक्या मारून खाल्ल्या. मला माझंच कौतुक वाटलं. मग मी विचार केला: औषध मातीखाली गेलं तर वाया, मग औषध मातीतच घातलं तर? पोळाही साजरा, माश्याही खलास. सरकारला जे सुचलं नाही ते मला सुचलं. मुकादम आणि त्याची माणसं टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, फवारायला गेली होती तेव्हा मी पोत्याची शिवण बोटानं सैल केली आणि एक गाडगं भरून पावडर काढून घेतली. शिवण परत जशीच्या तशी ओढून ठेवली. चोरी मी फार नीटनेटकी करते, तेव्हाही करायची.

ती सगळी पावडर मी पांढऱ्या मातीत कालवली. हातानं, कोपरापर्यंत. त्या हातानं मग भात खाल्ला असणार, कारण दुसरे हात नव्हते. गव्हाणीच्या वरची भिंत, गव्हाणीचा काठ, खुंट्यांच्या बाजूच्या मेढी म्हणजे छपराचे खांब, सगळं एकदा नाही, दोनदा पोतारलं. गोठा असा पांढरा झाला की आत गेलं की डोळे मिटावे लागत. सासूनं भिंतीवर तळवा फिरवला आणि म्हणाली, पहिल्यांदा काहीतरी निगुतीनं केलं. आयुष्यात तिनं माझी जी दोन-तीन वेळा तारीफ केली त्यातली ही एक, आणि ती अशी वाया गेली.

पोळा झाला. बैल ओवाळले गेले, वडे झाले, दाराशी पळसाच्या डहाळ्या खोचल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मारबत.

आमच्याकडे मारबतीला तांबडं फुटायच्या आत प्रत्येक घर त्या पळसाच्या डहाळ्या उपटतं आणि त्यांनी घराचे कानेकोपरे, गोठा, माळा झोडपत निघतं. माश्या, मच्छर, ढेकूण, खरूज, खोकला, सगळ्यांची नावं घेऊन ओरडायचं की मारबत बाई, हे सगळं घेऊन जा. झोडपलं की माश्या उठतात, त्यांना डहाळ्यांनी पुढे घालत बाहेर काढायचं आणि डहाळ्या शिवेबाहेर फेकून यायच्या. मारबत कोण, तर पूतना. छातीला विष लावून बाळकृष्णाला पाजायला आलेली. तिलाच सगळी रोगराई बांधून देऊन वाटेला लावायचं.

सासू डहाळी घेऊन गोठ्यात शिरली. मी मागं. तिनं पहिल्या मेढीवर डहाळी हाणली. काही उठलं नाही. तिनं गव्हाणीवर हाणली, छपराच्या वाशांवर हाणली, बैलांच्या पाठीवरून फिरवली. काहीच नाही. गावभर आरडाओरडा चालला होता, बाजूच्या घरातून थाळी वाजत होती, आणि आमच्या गोठ्यात फक्त पळसाचं पान पांढऱ्या भिंतीला घासल्याचा आवाज. सासूचा हात वरच्या वर थांबला.

“कोनाले हाकलू?” ती म्हणाली. मला नव्हे, तशीच, गोठ्याला.

मी तोंडात पदर कोंबून हसत होते. मला वाटलं, पाहा, मारबतीचं काम मी आधीच करून ठेवलं.

सासू डहाळी घेऊन शिवेपर्यंत गेली खरी, पण परत येताना ती तीन वेळा मागं वळली. दुपारी तांदूळ निवडताना म्हणाली, रिकामी मारबत काढायची नसते. तिच्या हाती काही दिलं नाही तर ती जात नाही. दारातूनच फिरते.

त्या दिवसापासून गोठा ऐकू येईनासा झाला. हे कसं सांगावं. दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून एक सततची गुणगुण यायची, जात्याचा आवाज लांबून यावा तशी. ती लग्न झाल्यापासून माझ्या कानात होती आणि मला माहीतच नव्हतं की ती आहे. आता ती नव्हती. त्या शांततेत बैलांच्या शेपट्या मात्र हलतच होत्या. एक माशी नाही, आणि तरी बैल कान झटकत, खूर आपटत, शेपटीनं पाठीवर सपकारे मारत उभे. नसलेल्या माश्यांना ते हाकलत होते. मी फटीतून पाहिलं आणि माझं हसू पहिल्यांदा अर्ध्यावर राहिलं.

घरातही काहीतरी कमी होतं. ते काय हे नणंदेला सुचलं. ती गोधडीतून म्हणाली, पाल चुकचुकत नाही. आमच्याकडे कोणी काही बोललं आणि त्याच वेळी पाल चुकचुकली तर बोट टेकवून म्हणतात, खरं आहे. घरात पाच-सात पाली होत्या. त्यातल्या दोन मला धानाच्या कणगीमागं सापडल्या, उताण्या. एक अजून पाय हलवत होती. मी त्या झाडूनं लोटल्या आणि कोणाला सांगितलं नाही. त्या घरात आता काही बोललं तर ते खरं आहे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्यासारखीला ते सोयीचंच होतं.

मग कोंबड्या. एक कोंबडी अंगणात चालता चालता थांबली आणि थरथरायला लागली, थंडी नसताना. मान मागं वळायची, पंख फुलायचे, आणि पाय पुढं पडायचे नाहीत. दुपारपर्यंत मेली. दुसरी संध्याकाळी. मांजर दोन दिवसांनी. ते आमचं बोकं मोठं मस्तवाल होतं, माझ्या ताटातलं ओढून नेणारं. ते परसातून आलं ते पंजांच्या टोकांवर, जमीन तापलेली असावी तसं. अंगावरचे केस एकेक वेगळे थरथरत होते. माझ्याकडे पाहिलं. मग कोंड्याच्या ढिगात शिरलं आणि तिथेच राहिलं.

सासूनं पोराच्या मनगटाला काळा दोरा बांधला. उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. तिनं मला पाळण्यापासून उठायचं नाही असं बजावलं, आणि खालच्या आवाजात म्हणाली, “मारबत गेली नाई. घरातच राह्यली. अन् ती कोनासाठी येते ते तुले ठाऊक हाये.”

मला ठाऊक होतं. मी पाळण्याची दोरी धरून बसले. मी शिकलेली बाई, या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. पण माझ्या डोक्यात दुसरंच काही जुळत चाललं होतं आणि ते पूतनेपेक्षा वाईट होतं. कोंबड्यांनी माश्या खाल्ल्या होत्या. त्या माश्या मी टाकल्या होत्या. बोक्यानं पाली खाल्ल्या असणार. जे माशीत होतं ते कोंबडीत गेलं, जे पालीत होतं ते बोक्यात गेलं. कोणीतरी घरातून एकेक पाऊल टाकत फिरावं, तसं. आणि त्याला दार मी उघडून दिलं होतं. एवढं कळूनही मी गप्प राहिले. गाडगं पोत्यातून चोरलेलं, मुकादमाचं ऐकलं नाही, सासूला फसवलं. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी माहेरची वाट. मास्तरीणबाई चोर निघाल्या असं गावात होईल, याची मला जास्त भीती होती. पोराची नव्हती. अजून नव्हती. हे लिहिताना मला त्या पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

आमच्या गावची गुरं चारायला एक म्हातारा ढोरकी होता. नाल्यापलीकडच्या पाड्यावर राहायचा, सकाळी येऊन गुरं सोडायचा. तो माणसांशी कमी बोलायचा. त्या सकाळी तो तांबडीला सोडायला गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग दारात उभा राहून सासूला म्हणाला, “बाई, तांबडी भिंत चाटून राह्यली.”

सासू म्हणाली, पांढऱ्या मातीला खारट चव असते, गुरं चाटतातच.

“चाटते खरं,” तो म्हणाला. “पन आज ते सोडून काईच खात नाई.”

मी आत जाऊन पाहिलं. गव्हाणीवरच्या भिंतीला, माझ्या दोनदा पोतारलेल्या भिंतीला, जिभेनं चाटून चाटून खड्डा पडला होता. खालची काळी माती दिसत होती. तांबडीच्या खांद्यावरची कातडी थरथरली, जशी माशी बसली की गाय थरथरवते तशी. मी सवयीनं हात उगारला. माशी नव्हती. कातडी पुन्हा थरथरली, मग पापणी, मग कान. तिनं माझ्याकडे पाहिलं ते बोक्यासारखंच.

तेव्हा मला पुढचं पाऊल कुठं पडणार ते कळलं. चौथी पास बाईला एवढी बेरीज येत होती. सकाळचं दूध काढून झालं होतं. भांडं चुलीपाशी होतं, उघडं. त्यावर एकही माशी घिरट्या घालत नव्हती. इतकं स्वच्छ दूध मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. पोर भुकेनं रडत होतं. मी भांडं उचललं, पाय अडखळल्यासारखं केलं आणि सगळं दूध चुलीपुढं सांडलं.

सासूनं कपाळावर हात मारला. ती मला रागे भरली नाही, हे जास्त वाईट होतं. तिला तोही मारबतीचाच हात वाटला. पोराला भाताची पातळ पेज पाजली. त्यानं ती अर्धी बाहेर काढली आणि दिवसभर किरकिरत राहिलं. नणंद तापात होती. तरी तिनं त्याला छातीशी घेऊन पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

संध्याकाळची धार काढायची वेळ आली. उजेड होता अजून. सासू गोठ्यात बसली. भांड्यात धार पडल्याचा आवाज फटीतून येत होता, आणि त्याच्या मधूनमधून तांबडीचे खूर जमिनीवर कापरं भरल्यासारखे टकटक करत होते. मी पाळण्यापाशी बोंडलं हातात घेऊन बसले होते. दिवसातून दोनदा पाय अडखळत नाही. मी विचार करत होते की ताप आला म्हणावं, पोर झोपलं म्हणावं, भांड्यात काही पडलं म्हणावं. काय पडलं म्हणणार? घरात पडायला काही जिवंत नव्हतं.

सासू दूध घेऊन आली. थोडंच होतं. तिनं बोंडल्यात ओतलं आणि पोराला माझ्या मांडीवर दिलं. त्यानं वासानंच तोंड उघडलं.

मी बोंडलं खाली ठेवलं.

“बाई, हे दूध नका पाजू.”

“काऊन?”

“तांबडीनं भिंत चाटली. भिंतीत पावडर हाये. फवारनीवाल्याची. म्या टाकली.”

सासूनं आधी पोराकडे पाहिलं, मग भांड्याकडे.

“किती?”

“गाडगंभर.”

“सकाळचं दूध तू मुद्दाम सांडलं.”

“हो.”

“अन् कालचं?” ती म्हणाली. “परवाचं?”

पोतारल्यापासून सहा दिवस झाले होते आणि सहाही दिवस मी माझ्या हातानं त्याला पाजलं होतं.

मला वाटलं ती मारेल. तिनं पोराला माझ्याकडून घेतलं, त्याची बोटं एकेक सोडवून तळहातावर धरली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली, थरथरतात का. मग त्याला नणंदेच्या कुशीत ठेवलं, भांडं उचललं, परसात खड्डा करून दूध त्यात ओतलं, आणि ढोरकी अजून अंगणात होता त्याला काहीतरी सांगितलं. तो लगेच निघाला. नाल्याला कमरेइतकं पाणी होतं. याच पाण्यामुळे फवारणीवाले त्याच्या पाड्यावर पोचले नव्हते.

अंधार पडायच्या आत तो परत आला, ओलाचिंब, खांद्यावर एक काळी शेळी. तिला ओसरीवर उभी करून तो सासूला म्हणाला, “हिच्या अंगावर माश्या हायेत बाई. पाहून घ्या.”

सासूनं खरंच वाकून पाहिलं. शेळीच्या कानामागं पाच-सहा माश्या होत्या. सासूनं मान हलवली आणि तिथेच धार काढायला बसली.

माझी शिक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. बैल आणि तांबडी बाहेर मोहाच्या झाडाखाली बांधली होती, अंग राखेनं घासून धुतलेलं. मला खुरपं दिलं आणि सांगितलं, जे लावलं ते काढ. दोन दिवस मी ती भिंत खरवडली, काळी माती दिसेपर्यंत. मेढींच्या भेगांतलं नखानं काढलं. ते सगळं टोपल्यात भरलं आणि तिसऱ्या दिवशी सासूनं माझ्या डोक्यावर टोपली दिली, हातात पळसाची डहाळी दिली, आणि म्हणाली, “आता मारबत भरली. ने.”

भर दुपारी, मारबत होऊन सात दिवस झालेले, आणि मी एकटी बाई डोक्यावर टोपली घेऊन गावातून शिवेपर्यंत. सासू मागं. ओरडायचं होतं. ओरडल्याशिवाय मारबत कुठली. मी कुजबुजले. सासूनं मागून डहाळीनं पोटरीवर एक दिली. मग मी ओरडले, माश्यांचं नाव घेऊन, मच्छरांचं घेऊन, खरजेचं घेऊन. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या हसतील असं मला वाटलं होतं आणि हसल्या असत्या तर मला चाललं असतं. कोणी हसलं नाही. त्यांना काय दिसत होतं ते मला टोपलीखालून कळत होतं. ज्या बाईला वाटेला लावायचं, तीच चालली होती.

शिवेबाहेर खड्डा करून ती माती पुरली. पुढं कित्येक वर्षं मी तिकडून जाताना पाहायची. तिथे गवत उगवायचं, पण मुंग्यांची वारुळं त्या जागेला वळसा घालून असायची. तो माझ्या मनाचा खेळ असेल. मी मोजायला कधी थांबले नाही.

तांबडी तीन दिवस कापत राहिली, चौथ्या दिवशी तिनं रवंथ सुरू केला. सासू तिचं दूध रोज काढायची आणि त्याच खड्ड्यात ओतायची, आणि ओतून झाल्यावर काठाशी उकिडवी बसून मुंग्या येतात का ते पाहायची. महिना गेला तेव्हा कुठे एक रांग आली. तरीही पोराला तिनं शेळीचंच पाजलं.

आणि ती शेळी ज्या दिवशी आली त्याच्या पुढच्या सकाळची गोष्ट. पोर पाजून झालं होतं, ओठावर दूध होतं, आणि शेळीबरोबर आलेल्या त्या पाच-सहांतली एक माशी भिरभिरत येऊन त्याच्या गालावर बसली. मी सवयीनं पदर उचलला. सासूनं माझं मनगट धरलं.

“बसू दे,” ती म्हणाली. “थोडी बसू दे.”

आम्ही दोघी पाहत राहिलो. माशीनं पुढचे पाय चोळले, गालावरून ओठावर गेली, दूध चाखलं. आम्ही तिच्या पडण्याची वाट पाहत होतो. ती पडली नाही. उडाली, आणि त्या मुक्या घरात तिचा आवाज छपरापर्यंत गेला.

तो पोरगा आता साठीच्या पुढे आहे. दर पोळ्याला मामाच्या गावी येतो, आणि ही सगळी हकीकत त्याला त्याच्या आईनंच सांगितल्यामुळे मला चारचौघांत पूतनामावशी म्हणून हाक मारतो. मी म्हणते, कृष्ण तरी कुठं सापडला तेव्हा, एक नाकशेंबडा सापडला. मग चहा येतो. अलीकडे दोन वर्षांपासून बशी धरताना त्याचा हात कापतो. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. त्याची बायकोही तेच म्हणते. वयाचंच असेल, माझाही कापतो.

“मामी, काय पाहून राह्यली?” तो विचारतो.

“माशी बसली का ते,” मी म्हणते, आणि खिडकी आणखी थोडी उघडते.